मदत हवी आहे: वस्तीतच राहणाऱ्या कार्यकर्त्यांवरचा ताण कसा हलका करावा?

आमची छोटी संस्था नवी मुंबईतल्या तुर्भे आणि दिघ्याच्या वस्त्यांत घरगुती हिंसा, बालविवाह अशा केसेसवर काम करते. आमच्या बहुतेक कार्यकर्त्या ताई त्याच वस्तीत राहतात, त्यामुळे रात्री-अपरात्रीही दार वाजतं आणि त्यांना नाही म्हणवत नाही. झोप उडालीये, चिडचिड वाढलीये. इतक्या जीव लावून काम करणाऱ्या बायका थकून निघून जाव्यात, हे मला बघवत नाही.

सक्तीची सुट्टी देऊन पाहिली, पण फोन सुरूच राहतो. महिलांसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हे मदतीचे नंबर घरोघरी दिले, तरी लोक ओळखीच्या ताईकडेच येतात. ताईंसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ सांगितलाय. उपयोगी आहेच, पण केस ऐकून येणारा थकवा कामाच्या वेळेतच उतरायला हवा असं माझं मत आहे. बाहेरचा समुपदेशक दरमहा परवडणार नाही. परदेशी निधीत २०२० पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, ती भाडं आणि हिशेबातच संपते.

आता आढावा बैठकीपासून वेगळी, फक्त मन मोकळं करायची बैठक सुरू करायची आहे. तुमच्याकडे अशी बैठक कोण चालवतं? मी त्यांची वरिष्ठ, तर मी तिथे बसावं की नाही? आणि रात्रीची जबाबदारी पाळीने कशी वाटलीत?