विषय: जुलैची सहल की ग्रां प्री?

प्रेषक: सचिव
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,
जुलैच्या सहलीसाठी आपण पिट्सबर्गमधलं शेनली पार्क धरलं होतं. आज कळलं की त्याच शनिवार-रविवारी तिथे पिट्सबर्ग विंटेज ग्रां प्री, म्हणजे जुन्या गाड्यांची धर्मादाय शर्यत आहे. म्हणजे पार्कातले रस्ते बंद आणि दिवसभर इंजिनांची घरघर. आपला खो-खो आणि लिंबू-चमचा दोन्ही बोंबललं. सहल आठवडाभर पुढे ढकलू या, की तीच तारीख ठेवून मंडळातर्फे तिथे स्वयंसेवक देऊ या? आयोजकांना पार्किंगला माणसं लागतात. गुरुवारपर्यंत कळवा. आणि कृपया नुसतं '+१' लिहून सगळ्या यादीला पाठवू नका.

प्रेषक: एक सभासद, क्रॅनबेरी
सोमवार, रात्री ९:४३

+१

प्रेषक: एक सभासद, स्क्विरल हिल
सोमवार, रात्री ११:१५

सचिवताई,
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी या पार्काच्या शेजारीच राहतो. हौशी लोकांनी सत्तर वर्षांच्या जुन्या गाड्या ट्रेलरवर लादून आणायच्या, दोन दिवस पेट्रोल जाळायचं आणि त्याला धर्मादाय म्हणायचं, हे मला पटत नाही. श्रीमंतांचे चोचले आहेत हे. एवढाच कळवळा असेल तर सरळ चेक लिहा ना. शिवाय दगडी भिंती असलेल्या रस्त्यावर शर्यत लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आपण सहल पुढे ढकलावी.

प्रेषक: पार्किंगवाले काका
मंगळवार, सकाळी ६:०५

अरे, राग कसला? बारा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो, फक्त मनातल्या मनात. कारण सौभाग्यवतींनी दोघांची नावं आधीच देऊन टाकली होती.

आधी पैशाचं बोलतो. पार्कात शर्यत बघायला तिकीट नाही. कुणीही यावं, उतारावर चादर पसरून बसावं. पैसे येतात ते पार्किंगच्या देणगीतून, प्रदर्शनात गाडी मांडणाऱ्यांच्या फीमधून आणि प्रायोजकांकडून. शिल्लक का उरते? झेंडेवाल्यांपासून कचरा उचलणाऱ्यांपर्यंत हजाराच्या आसपास माणसं फुकट राबतात म्हणून. शर्यतवाले पदरमोड करून येतात आणि जिंकले तरी रोख बक्षीस नाही. १९८३ पासून असे ५० लाख डॉलरच्या वर जमले आहेत. तू चेक लिहिलास तर सगळेच्या सगळे पैसे पोचतील, मान्य. पण मी लिहिला असता तर पन्नासाचा लिहिला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या फाटकावर शनिवारी सकाळी तेवढे पहिल्या दहा मिनिटांत डब्यात पडतात.

हे पैसे दोन ठिकाणी जातात: ऑटिझम सोसायटी ऑफ पिट्सबर्ग आणि अ‍ॅलेगनी व्हॅली स्कूल. दुसरी म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची निवासी संस्था. नाव ओळखीचं वाटत नसेल तर सांगतो. स्टीलर्सच्या, आपल्या इथल्या फुटबॉल संघाच्या मॅचला आपण जो पिवळा टॉवेल गरागरा फिरवतो ना, त्याचा ट्रेडमार्क स्टीलर्सचे रेडिओ समालोचक मायरन कोप यांनी १९९६ मध्ये याच शाळेला देऊन टाकला. त्यांचा मुलगा तिथेच राहायचा. म्हणजे आपल्या घरात टॉवेल आहे, तेव्हा थोडंफार आपणही दिलेलंच आहे.

आता वेडेपणाचं. त्यात तू अगदीच चूक नाहीस. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली मोठी रस्त्यावरची शर्यत १९४८ साली वॅटकिन्स ग्लेनला झाली, न्यूयॉर्क राज्यात, गावातल्या रस्त्यांसकट ६.६ मैलांची फेरी. माणसं फूटपाथवर उभी राहून बघत. १९५२ मध्ये एक गाडी गर्दीत घुसली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर शर्यत गावाबाहेर काढली आणि १९५६ पासून तिथे कायमचा ट्रॅक आहे. हा खेळ रस्त्यावरून हद्दपार झाला तो उगीच नाही. शेनली हा उरल्यासुरल्या अपवादांपैकी एक. २.३३ मैलांची फेरी, २३ वळणं, कडेला भिंती, विजेचे खांब आणि म्हातारी झाडं, पुढ्यात पेंढ्याचे गठ्ठे. सर्पेंटाइन ड्राइव्ह तर नावासारखाच नागमोडी. म्हणूनच इथला शिरस्ता कडक आहे. दुसऱ्याच्या गाडीला धक्का लावला की गाशा गुंडाळायचा. मागून वेगाची गाडी येत असली की निळा झेंडा दिसतो आणि म्हातारी एमजी (जुनी इंग्लिश गाडी) मुकाट बाजूला होते. घाटात एसटीला वाट देतात तशी. तरी एखादा गठ्ठ्यात घुसतोच. पेंढा उडतो, लाल झेंडा फडकतो, शर्यत थांबते, आपण थर्मास उघडतो.

पेट्रोल जळतं, हे खरं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र सांगतो आणि थांबतो (सौ. म्हणतात, थांबत नाही). सोलापूरला आमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडायचं, मगरीनं जबडा वासावा तसं. आम्ही पोरं चाकावर बसून इंजिन बघायचो. काही वर्षांपूर्वी ब्रिटिश गाड्यांच्या दिवशी गोल्फच्या हिरवळीवर एक ट्रायम्फ स्पिटफायर उभी होती. तिचा सांगाडा हेराल्डचाच. मालक, सत्तरीचा गोरा गृहस्थ, बॉनेट मिटून बाजूची कडी लावत होता आणि ती काही केल्या बसेना. मी पिवळं जाकीट घातलेला पार्किंगवाला, मध्ये बोलायचं काही कारण नव्हतं. पण आमचे वडील करायचे तसं केलं. गुडघ्यानं खालची कड आत दाबली आणि वर तळहाताची एकच थाप. खट. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे कुठलं मॉडेल होतं? आम्ही दोघं पाऊण तास बोलत राहिलो आणि तिकडे पार्किंगची बोंब झाली.

इंजिनांना काही जण अजून एरंडेलाचं तेल घालतात, तेव्हा पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या असतात तिथे, त्याचा गोडसर जळका वास पसरतो. लहानपणी ज्यांना नाक दाबून एरंडेल पाजलंय त्यांनी वाऱ्याची दिशा बघून उभं राहावं.

माझं मत: सहल पुढे न्या, पण दहा माणसं द्या.

प्रेषक: एक आई, मनरोव्हिल
मंगळवार, दुपारी १:२०

काका,
तुमची मेल वाचून लिहायचं ठरवलं, एरवी मी या यादीवर फक्त वाचते.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो आवाज सोसत नाही, हे कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी मी त्याला हौसेनं घेऊन गेले. दहा मिनिटांत तो कान दाबून गवतावर बसला. आजूबाजूच्यांनी बाजूला होऊन जागा दिली, पाणी दिलं, पण आम्हाला घरी यावं लागलं. गाडीत मी खूप रडले. तो शांत होता. घरी आल्यावर त्यानं कागदावर ओळीनं आकडे लिहिले: दहा मिनिटांत दिसलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि रंग.

आता आमची पद्धत ठरली आहे. आम्ही सकाळी सातच्या आधी पोचतो, इंजिनं सुरू व्हायच्या आत. तेव्हा पॅडॉक म्हणजे ओल्या गवतावर उभ्या गाड्या आणि कॉफीचे कप. तो हेडफोन गळ्यात अडकवून रांगेनं फिरतो. कुणी 'शिवू नकोस' म्हणत नाही, कारण तो शिवतच नाही. हात मागे बांधून नंबर वाचतो, गणपतीत आरास बघत फिरतो तसाच. पहिलं इंजिन खोकलं की आम्ही निघतो. आमची ग्रां प्री पावणेआठला संपते.

स्क्विरल हिलच्या दादांना: तुमचा मुद्दा मला कळतो. पण ऑटिझम हा शब्दही माहीत नसताना, मुलगा तीन वर्षांचा असताना, मी पहिला फोन अशा एका संस्थेलाच केला होता. समोरच्या बाई चाळीस मिनिटं बोलल्या. त्या टेबलामागे कुणी बसावं यासाठी पैसे लागतात, ते पेट्रोल जाळून आले की लाडू विकून, हे मी विचारत नाही.

प्रेषक: एक सभासद, स्क्विरल हिल
मंगळवार, सायंकाळी ५:५०

ताई, पटलं. म्हणजे पेट्रोलचं नाही पटलं, बाकीचं पटलं.
काका, पार्किंगवाल्याला नेमकं करायचं काय असतं? आणि पहाटे किती वाजता?

प्रेषक: पार्किंगवाले काका
मंगळवार, सायंकाळी ६:०२

हात हलवायचा, हसायचं आणि डबा पुढे करायचा. एकाच वेळी तिन्ही. जुन्या इंग्लिश गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, कारण ती तेल गाळणारच. तिकडचे म्हणतात, खाली तेल पडलेलं दिसलं नाही तर आत तेल उरलं नाही असं समजावं. साडेपाचला हजर. टोपी आणि जुने बूट आण, दव पडलेलं असतं.

प्रेषक: सचिव
गुरुवार, रात्री १०:१०

सहल एक आठवडा पुढे. पार्किंगसाठी अकरा नावं आली, त्यात क्रॅनबेरीची '+१' मी होकार म्हणून धरली आहे. ज्यांची असेल त्यांनी आता मागे फिरू नये. मनरोव्हिलच्या ताई, तुम्ही सातच्या आधी येणार असाल तर काकांच्या फाटकानं या, तुमच्या गाडीला जागा राखून ठेवतील.
चहा कोण आणणार ते अजून ठरलेलं नाही.

प्रेषक: पार्किंगवाले काका
गुरुवार, रात्री १०:१२

सौ. आणतील. दोन थर्मास, एक बिनसाखरेचा. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.