जनगणनेत 'जैन' नीट लिहिलं जाईल ना?

प्रश्न (चिपळूण): गेल्या जनगणनेला आलेल्या बाईंनी दारावरची 'शहा' पाटी पाहिली आणि आईला न विचारताच धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहून मोकळ्या झाल्या. २०११ला देशभरात जैन जेमतेम ४४.५ लाख, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यात आमच्यासारखी घरं गळली तर मनाला लागतं. आता काय काळजी घ्यावी?

राजापूर: दादा, तेव्हा मी प्रगणक होते. धर्माला सांकेतिक अंक होते, जैनांचा ६. माणूस सांगेल तेच लिहायचं, आडनावावरून ठरवायचं नाही, असा स्पष्ट नियम. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, अजिबात संकोच करू नका. घरातल्या प्रत्येकाची नोंद वेगळी असते, म्हणून आजींचीही बघा.

खारेपाटण: फेब्रुवारी २०२७च्या गणनेत जातही विचारणार आहेत. धर्म जैन, जात ओसवाल किंवा पोरवाल, जी असेल ती. धर्म विचारल्यावर जात सांगितली की घोळ झालाच! ऑनलाइन स्वतः भरायची सोय आहे, तीच वापरा.

चिपळूण: आभार, ताई. आम्ही दुकानात असताना दारात आईच असते. तिला आजच समजावतो.