जागा धर्मादाय संस्थेची आणि पैसा सरकारचा असेल, तर प्रसूतिगृहाचा कारभार कोणाच्या हाती राहावा?

पंचायत सदस्या, खानापूर तालुका

आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्टीतल्या गावांतून बाळंतिणीला खानापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा थेट बेळगावच्या सिव्हिलमध्ये न्यावे लागते आणि पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की ही वाट फार जिवावर बेतते. येथे तीस खाटांचे प्रसूतिगृह व्हावे अशी आमची जुनी मागणी आहे. आता एका धर्मादाय संस्थेने रस्त्यालगतची जागा देऊ केली आहे. बांधकाम, यंत्रसामग्री आणि पगार हे सर्व सरकारने करायचे आहे. मात्र संस्थेच्या तीन अटी आहेत. जागेची मालकी संस्थेकडेच राहावी, व्यवस्थापन समितीत तिचे निम्मे सदस्य असावेत, आणि 'संस्थेच्या तत्त्वांना बाधा येईल' असे कोणतेही उपचार तेथे होऊ नयेत. संस्थेचे लोक भले आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पंचायतीचा ठराव मला मांडायचा आहे आणि तिसऱ्या अटीवर माझे मन अडते. गर्भपात आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया या अटीत येतात का, आणि ते कोण ठरवणार? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाचक, टिळकवाडी

ताई, तुमचा प्रश्न ज्या देशात गेली दहा-बारा वर्षे गाजला, त्या देशाशी आपल्या बेळगावचे एक दुःखद नाते आहे. येथे वाढलेल्या आणि येथेच दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या सविता हलप्पनवर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथील रुग्णालयात दाखल झाल्या. त्या सतरा आठवड्यांच्या गरोदर होत्या आणि गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. त्यांनी गर्भपाताची विनंती केली, परंतु गर्भाचे ठोके चालू असल्यामुळे ती नाकारली गेली. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. 'हा कॅथलिक देश आहे' असे आपण त्यांना सांगितले होते, हे तेथील एका वरिष्ठ परिचारिकेने पुढे मृत्यूच्या चौकशीत मान्य केले. त्या वेळी आपल्या गावातल्या कितीतरी घरांत लोक सुन्न झाले होते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. गॉलवेचे ते रुग्णालय सरकारीच होते. तेथे आडवा आला तो गर्भपाताला बंदी घालणारा कायदा आणि त्या कायद्याच्या भीतीने थांबून राहिलेले वैद्यकीय निर्णय. जंतुसंसर्ग पसरत असताना तो वेळीच ओळखला गेला नाही, हेही चौकशीत पुढे आले. २०१८ च्या मे महिन्यात सार्वमताने तेथील राज्यघटना बदलली आणि १ जानेवारी २०१९ पासून नवा कायदा लागू झाला. प्रसूती रुग्णालयाच्या मालकीचा आधीच सुरू झालेला वाद त्यानंतर अधिकच पेटला, कारण कायद्याने जे दिले ते रुग्णालयाच्या घटनेतून काढून घेतले जाऊ नये, अशी लोकांना काळजी वाटू लागली.

डब्लिनचे राष्ट्रीय प्रसूती रुग्णालय १८९४ मध्ये स्थापन झाले. त्याची इमारत जुनी झाली म्हणून ते सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाच्या आवारात हलवण्याचे २०१३ मध्ये ठरले. ते आवार कॅथलिक नन्सच्या एका धर्मसंघाच्या मालकीचे होते. खर्च सारा सरकारचा आणि मालकी धर्मसंघाची, हे २०१७ मध्ये उघड होताच मोर्चे निघाले. त्या संघाने माघार घेतली आणि २०२२ मध्ये आपले समभाग एका धर्मादाय कंपनीकडे सुपूर्द केले. सरकारला जागा विकत हवी होती, पण ती मिळाली नाही. शेवटी २९९ वर्षांचा भाडेपट्टा झाला, वर्षाला दहा युरो भाड्याने. नव्या मंडळात नऊ संचालक असतील: तीन प्रसूती रुग्णालयाचे, तीन सेंट व्हिन्सेंटचे आणि तीन मंत्र्यांनी लोकहितासाठी नेमलेले. तरीही एका शब्दप्रयोगावर वाद राहिलाच. 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य' असे सर्व कायदेशीर उपचार तेथे होतील, असे करारात लिहिले आहे. योग्य काय ते कोण ठरवणार, असे टीकाकार विचारत राहिले. रुग्णालयाचे डॉक्टर म्हणत होते की जागेचा वापर प्रसूती व स्त्रीरोगासाठीच राहावा, एवढाच या शब्दांचा हेतू आहे. तेथील सरकारी आरोग्य सेवेच्या मंडळातील दोन सदस्यांनी आराखड्याला असहमती नोंदवली.

तुमची तिसरी अट त्या दोन शब्दांपेक्षा कितीतरी सैल आहे. तत्त्व म्हणजे काय, हे त्यात कुठेच बांधलेले नाही.

निवृत्त परिचारिका, निपाणी

खानापूरच्या अक्का, मी तीस वर्षे सरकारी दवाखान्याच्या प्रसूती कक्षात काम केले आहे, म्हणून कागदापलीकडचे थोडे सांगते. आपल्याकडे कायदा आयर्लंडसारखा नव्हता. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, आणि स्त्रीचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. तरीही नवऱ्याची, सासूची सही मागितली जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

एका रात्री पाण्याची पिशवी फुटलेली, तापाने फणफणलेली एक मुलगी आमच्याकडे आली. ड्युटीवरचे डॉक्टर नवीन होते. त्यांना काय करायला हवे ते ठाऊक होते, पण व्यवस्थापनातल्या एका वजनदार माणसाला ते आवडणार नाही म्हणून ते वरिष्ठांच्या फोनची वाट पाहत राहिले. चार तास गेले. मुलगी वाचली, पण तिची गर्भपिशवी काढावी लागली. तेथे कोणताही लेखी नियम नव्हता. समितीत कोण बसते हे सर्वांना माहीत होते, एवढेच पुरले. म्हणून निम्म्या सदस्यांच्या अटीला मी तिसऱ्या अटीइतकीच घाबरते. आपल्या सरकारी दवाखान्यांना आरोग्य रक्षा समिती असतेच. तिने पाणी, स्वच्छता, औषधखरेदी आणि निधीचा हिशेब पाहावा. बाळंतिणीच्या खाटेपाशी तिचा शब्द चालता कामा नये आणि हे करारात लिहिलेले असावे.

वकील, शहापूर

दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. कायद्याची बाजू जोडतो. गर्भपात कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सरकारने स्थापलेल्या किंवा चालवलेल्या रुग्णालयात ही सेवा थेट देता येते. इतर जागेला सरकारची किंवा जिल्हास्तरीय समितीची मान्यता लागते. त्यामुळे रुग्णालय सरकार चालवते की संस्था, हा केवळ मानाचा प्रश्न उरत नाही. कागदावर ते सरकारी रुग्णालयच असले पाहिजे आणि वैद्यकीय अधीक्षकाची नेमणूक आरोग्य खात्यानेच केली पाहिजे.

जागेबाबत सर्वांत उत्तम म्हणजे नोंदणीकृत बक्षीसपत्र. संस्था त्याला तयार नसेल तर नोंदणीकृत दीर्घ भाडेपट्टा करावा. विश्वस्तांना तसा अधिकार आहे का, परवानगी लागते का, हे संस्थेच्या घटनेत आधी पाहावे. भाडेपट्ट्यात जागा परत घेण्याचे कलम असते, तेथे फार सावध राहावे. 'अटींचा भंग झाल्यास' एवढेच लिहिले आणि अटींत 'तत्त्वे' आली, तर उद्या एका शस्त्रक्रियेवरून सरकारी पैशाने उभी राहिलेली इमारत संस्थेच्या ताब्यात जाण्याचा दावा उभा राहू शकतो. डब्लिनमध्ये भाडे दहा युरो राहण्यासाठीही अटी पाळाव्या लागणार आहेत, हे त्यांच्या करारावरून शिकण्यासारखे आहे.

आणखी एक. समिती वेगळी संस्था म्हणून नोंदवली, तरी सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळत असल्यास ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. तरी न्यायालयात जाण्याची वेळ येऊ नये म्हणून करारातच तसे कबूल करून घ्यावे.

पंचायत सदस्या, खानापूर तालुका

आपल्या सर्वांची मी ऋणी आहे. ठरावात तिसऱ्या अटीच्या जागी 'देशातील कायद्याने अनुमती दिलेल्या सर्व प्रसूती व स्त्रीरोग सेवा येथे दिल्या जातील' असे वाक्य घालण्याचे आम्ही ठरवले आहे. संस्थेला निम्म्याऐवजी एक सदस्य आणि प्रवेशद्वारावर दात्याचे नाव, असा प्रस्ताव देणार आहोत. एक शंका उरते. आमच्या बायका मराठी वाचतात आणि संमतिपत्रे कन्नड वा इंग्रजीत येतात. हे ठरावात आणावे का, की त्यामुळे मूळ विषय सीमावादात अडकेल?

निवृत्त परिचारिका, निपाणी

अक्का, जरूर आणा. जिला कागदावर काय लिहिले आहे ते समजले नाही, तिच्या सहीला संमती म्हणता येत नाही. 'रुग्णाला समजणाऱ्या भाषेत' एवढेच लिहा, कोणत्याही भाषेचे नाव घालू नका. तुमच्याच पट्ट्यात कोंकणी आणि कन्नड बोलणाऱ्या बायकाही आहेत, त्यांनाही त्याचा उपयोग होईल.