भूत वजा केल्यावर काय उरतं? भयपट आणि थरारपटांचे अनुभव

जपानी, कोरियन, इराणी, स्पॅनिश, मल्याळम, मराठी, कुठल्याही भाषेतला चालेल. तुमच्या मनात घर करून बसलेला भयपट किंवा थरारपट कोणता आणि का, ते लिहा. नुसती नावांची यादी नको. एखादा प्रसंग, एखादी वस्तू, एखादा आवाज सांगा. माझं मत आधीच मांडते. सिनेमातलं भूत वजा केलं तरी ज्यात माणसांची घालमेल शिल्लक राहते, तो माझ्या लेखी खरा भयपट. पटत नसेल तर तसंही जरूर लिहा.

सुरुवात मीच करते. हिदेओ नाकाताचा 'रिंगु' (१९९८) बहुतेकांना माहीत असतो, टीव्हीच्या पडद्यातून बाहेर सरपटत येणाऱ्या सादाको या भुतामुळे. मला मात्र त्याचाच 'डार्क वॉटर' (२००२) जास्त लागला. घटस्फोटाच्या कज्ज्यात अडकलेली आई, बालवाडीत जाणारी मुलगी आणि जुन्या इमारतीतली जागा. छताला ओल येते आणि पसरत जाते. आई तक्रार करते, पण इमारत सांभाळणारा माणूस ढिम्म हलत नाही. पावसाळ्यात वरच्या घरातून गळती लागली की काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. मुलीला एक छोटीशी लाल बॅग सापडते, ती टाकून दिली तरी परत येते. इथवर ठीक. पण माझा जीव टांगणीला लागला तो भलत्याच प्रसंगाने. आईला उशीर होतो आणि तिकडे बालवाडीत मुलगी तिची वाट बघत राहते. मुलीचा ताबा कोणाकडे जाणार याचा निकाल लागायचाय, त्यात हा उशीर आपल्याच विरोधात मोजला जाणार हे त्या बाईला पक्कं ठाऊक असतं. नोकरी करून मूल वाढवणाऱ्या कुठल्याही आईला हा प्रसंग बघवणार नाही, आणि त्यात भुताचा काडीचाही हात नाही.

दादर, मुंबई

ताई, माझा तुम्हाला दुजोरा. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, भयपटांच्या वाटेला फारसा जात नाही. नातीने आग्रह करून 'अंडर द शॅडो' (२०१६) दाखवला. दिग्दर्शक बाबक अन्वारी, भाषा फारसी, काळ इराण-इराक युद्धाचा. तेहरानवर क्षेपणास्त्रं पडताहेत. डॉक्टर नवऱ्याची रवानगी आघाडीवर झालीय. बायको वैद्यकीय शिक्षण अर्धवट राहिलेली. क्रांतीच्या काळात राजकारणात भाग घेतला म्हणून तिला पुढे शिकू देत नाहीत. घरात ती आणि लहान मुलगी. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या. एक क्षेपणास्त्र इमारतीत घुसतं पण फुटत नाही, आणि त्यानंतर घरात जिन्न वावरू लागतो. शेजारी एकेक करून बिऱ्हाड हलवतात.

१९७१ च्या युद्धात मुंबईत आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले होते. भोंगा वाजला की आई दिवा मालवायची आणि आम्हाला जवळ ओढायची. त्यामुळे त्या काचांवरच्या फुल्या बघून पोटात कालवलं.

सिनेमात एका रात्री ती बाई मुलीला उचलून जीव मुठीत धरून रस्त्यावर धावते. डोक्यावर काही घ्यायचं राहून जातं. गस्तीवाले तिला पकडतात आणि वेशावरून दरडावतात. घरात जिन्न, बाहेर हे. त्या बाईने जायचं कुठे?

नातीने नंतर गिलेर्मो देल तोरोचा 'द डेव्हिल्स बॅकबोन' (२००१) लावला. स्पेनच्या यादवी युद्धातलं अनाथालय, आणि तिथेही अंगणात न फुटलेला बॉम्ब रुतून बसलेला. दोन देशांतल्या दोन दिग्दर्शकांना युद्धातल्या भीतीसाठी हीच वस्तू सापडावी, याचं मला फार वाटलं.

कोल्हापूर

मला हे वजाबाकीचं गणित अजिबात मान्य नाही. भूत काढल्यावर काय उरतं हे कशाला बघायचं? भूत आहे म्हणून तर तिकीट काढलं. भीती अंगावर यायला पाहिजे, खुर्चीचा हात घट्ट धरायला लागला पाहिजे. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) बघताना थिएटरमध्ये जो गलका व्हायचा, त्यात एक निखळ आनंद होता, आणि तो कमी दर्जाचा होता असं मी मानत नाही.

परदेशीच सांगायचं तर स्पेनचा 'रेक' (२००७). बार्सिलोनात अग्निशमन दलाबरोबर रात्रपाळीचं चित्रण करायला गेलेली टीव्हीची बातमीदार आणि तिचा कॅमेरावाला. एका इमारतीत शिरतात आणि सरकार बाहेरून इमारत सील करतं. सगळं त्या एकाच कॅमेऱ्यातून दिसतं. शेवटी वरच्या मजल्यावर दिवा जातो आणि फक्त अंधारात बघणारं हिरवट चित्र उरतं. छातीत धडधड म्हणजे काय ते तिथे कळतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याची जवळजवळ जशीच्या तशी नक्कल झाली, पण मूळचाच बघा.

(धागा काढणारी: दादा, सील केलेल्या इमारतीत अडकलेली माणसं ही घालमेलच की! २०२० नंतर तर तो सिनेमा मला बघवेना.)

गोरेगाव, मुंबई

मी सिनेमाच्या ध्वनिविभागात काम करते. मला उरतो तो आवाज. तुमचा आवडता भयपट एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा, अर्धी भीती जागीच बसेल.

हिचकॉकच्या 'सायको'तल्या (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला आधी संगीतच नको होतं, ही खुद्द हिचकॉकची इच्छा. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी ते केलं, ऐकवलं आणि हिचकॉकने मत बदललं. त्या चित्रपटाचं अख्खं संगीत फक्त तंतुवाद्यांवर आहे. ती किंचाळी म्हणजे व्हायोलिनच. तीन वर्षांनी 'द बर्ड्स'मध्ये हीच जोडी उलट्या टोकाला गेली. नेहमीचं पार्श्वसंगीत नाहीच, नुसते पक्ष्यांचे आवाज. त्यातले बरेचसे ट्राउटोनियम नावाच्या विद्युत वाद्यावर तयार केलेले. शाळेबाहेर बाकावर नायिका सिगारेट ओढत बसलीय, आतून मुलांचं गाणं ऐकू येतंय आणि तिच्या पाठीमागे मुलांच्या खेळण्याच्या दांड्यांवर कावळे जमताहेत. गाणं संपत नाही, कावळे वाढत जातात.

पण माझ्यासाठी सगळ्यांच्या वर आहे फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१). लांगचा हा पहिला बोलपट. बर्लिन शहर, लहान मुलींना पळवणारा खुनी. पीटर लोरेने तो साकारलाय. खुनी जवळ आहे हे कळतं ते त्याच्या शिळेवरून, संगीतकार ग्रीगच्या 'पीअर गिंट'मधली धून. लोरेला शीळ जमत नव्हती म्हणून लांगनेच ती वाजवली असं सांगतात. पुढे एक आंधळा फुगेवाला त्याला ओळखतो तोही याच शिळेवरून.

सुरुवातीचा भाग मी शिकाऊ मुलांना नेहमी दाखवते. आई स्वयंपाक करून मुलीच्या शाळेतून येण्याची वाट बघतेय. टेबलावर ताट मांडलेलं. वेळ उलटून जाते. ती जिन्यात येऊन हाक मारते, "एल्सी!" पडद्यावर रिकामा जिना. पुन्हा हाक. रिकामी माळ्यावरची खोली, वाळत घातलेले कपडे. पुन्हा हाक. रिकामं ताट. मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि विजेच्या तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही, रक्ताचा थेंब नाही. बोलपट नुकताच हाती आलेला असताना एखाद्याला आवाज आणि शांतता एवढी कळावी! माझी मुलगी शाळेत जायला लागल्यापासून तर हा भाग मुलांना दाखवताना मी खोलीबाहेर उभी राहते.

लातूर

न्यायालयात नोकरी केली, त्यामुळे थरारपट बघताना माझं लक्ष पोलीस काय करतात याकडे असतं. बाँग जून-होचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) सर्वांनी बघावा. दक्षिण कोरियात ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या स्त्रियांच्या खुनांवर तो बेतलेला आहे. गावातला हवालदारी थाटाचा तपास अधिकारी म्हणतो, मी नुसतं डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो. त्याचा साहेब समोर बसलेले दोन तरुण दाखवतो. एक बलात्काराचा आरोपी, दुसरा त्याला पकडून आणणारा, त्या मुलीचा भाऊ. ओळख बघू, यातला कोण कुठला? उत्तर आपल्याला सांगितलं जातच नाही.

मग मारहाण, पढवलेले जबाब, हाती लागेल त्याला डांबणं. हे बघताना मला कोरिया परका वाटला नाही. शेवटी बऱ्याच वर्षांनी तोच अधिकारी, आता नोकरी सोडून व्यापार करणारा, पहिलं प्रेत सापडलेल्या नाल्यापाशी येतो आणि थेट आपल्याकडे बघतो. तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. तो कळला २०१९ मध्ये, डीएनएवरून. दुसऱ्याच एका खुनासाठी तो आधीपासून तुरुंगात होता आणि या खटल्यांची कायदेशीर मुदत केव्हाच उलटून गेली होती. यातल्याच एका गुन्ह्यासाठी दुसऱ्याच माणसाने सुमारे वीस वर्षं कैद भोगली. त्याची निर्दोष सुटका व्हायला २०२० उजाडलं. सिनेमात जी मारहाण दिसते तिचा हा खरा हिशोब. ताई, इथे वजा करायला भूतच नाही.

रत्नागिरी

आमच्याकडे वेताळ, देवचार, मुंजा, राखणदार यांची वानवा नाही, पण पडद्यावर कोकणचा पाऊस नीट दिसला तो राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८). नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, कथेचं बीज नारायण धारपांकडचं. १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतचा काळ. नायक विनायक खजिन्यासाठी दोरावरून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो आणि तिथला राक्षस हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या कमरेच्या सोन्याच्या मोहरा ओरबाडून वर येतो. एका खेपेला मूठभरच. पुढे हेच तो आपल्या पोराला शिकवतो. बाप मुलाला पोहायला शिकवावं तशा मायेने तो हे शिकवतो, आणि मला सगळ्यात भीती वाटली ती त्याचीच. वाड्याच्या हिश्शावरून भाऊबंदकीत पिढ्या जळताना आम्ही डोळ्यांनी बघितल्यात. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला, याचा मनापासून आनंद झाला.

लगेच आठवला म्हणून, 'लपाछपी'ही बघा. उसाच्या फडातली भीती आणि पोटातल्या मुलीचा प्रश्न. 'छोरी' हा त्याचाच हिंदी अवतार.

कोची (मूळ सोलापूर)

थोडक्यात लिहितो. फाझिलचा मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३). 'भूल भुलैया' (२००७) ज्यावरून आला तो. अभिनेत्री शोभनाला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजारी बाईला बरं करायचंय, ही कळकळ मूळ चित्रपटात शेवटपर्यंत सुटत नाही. हिंदीत ती हशात बरीच विरून गेली.

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

इथे राहायला आल्यावर शेजारच्या डच काकूंनी 'स्पोरलोस' (१९८८) सुचवला. जॉर्ज स्लाउझरचा. एक जोडपं सुट्टीला फ्रान्समध्ये गाडीने निघालंय. पेट्रोल पंपावर थांबतात, ती प्यायला काही आणायला आत जाते आणि परत येत नाही. बस. पुढची काही वर्षं तो तिला शोधतो. पळवणारा कोण हे आपल्याला लवकरच कळतं. रसायनशास्त्र शिकवणारा, बायकोमुलींत रमणारा गृहस्थ. तो गुन्ह्याची तालीम करतो, गुंगीच्या औषधाचा अंमल किती वेळ टिकतो ते स्वतःवर घेऊन बघतो, नाडी मोजून वहीत टिपतो. त्या टिपणांइतकं थंड मी पडद्यावर काही बघितलेलं नाही.

त्या तरुणाला सूड नको असतो, तिचं काय झालं एवढंच हवं असतं, आणि त्यासाठी तो काय पत्करतो यावर शेवट उभा आहे. शेवट कोणालाही सांगू देऊ नका. याच दिग्दर्शकाने १९९३ मध्ये अमेरिकेत तो पुन्हा काढला आणि शेवट बदलला. तो आधी बघितलात तर मूळचा कायमचा हातचा जाईल. १९८८ चाच शोधा, सबटायटल्स लावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.