चेक्स अँड बॅलन्सेस : 'शह' म्हटलं तर चालेल का?

सूनबाई_टेक्सास
मंडळी, अडलेय. इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन 'फेडरल गव्हर्न्मेंट' शिकतेय. टेक्सासात सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची तर 'गव्हर्न्मेंट' म्हणजे शासनव्यवस्थेचे सहा क्रेडिट सक्तीचे आहेत, मग तुम्ही नर्सिंग करा नाहीतर अकाउंटिंग. रात्री मुलं झोपली की व्हिडिओ बघते आणि सकाळी पोळ्या लाटताना तेच सासूबाईंना सांगते, कारण त्यांची नागरिकत्वाची मुलाखत जवळ आलीय. वय 63, ग्रीन कार्डाला 16 वर्षं झालेली. त्यामुळे 55/15च्या (वय 55, ग्रीन कार्ड 15 वर्षं) सवलतीत त्यांना इंग्रजीची परीक्षा माफ आहे, पण नागरिकशास्त्राचे प्रश्न आहेतच. ते दुभाष्यामार्फत मराठीत.

सरकारचा एकच भाग वरचढ होऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे, असा त्यात एक प्रश्न. उत्तर 'चेक्स अँड बॅलन्सेस'. मी सांगितलं, "नियंत्रण आणि संतुलन." त्या म्हणाल्या, "ते डॉक्टर सांगतात तसं? शुगरचं?" मोबाइलला विचारलं तर त्याने 'धनादेश आणि शिल्लक' दिलं. मग मीच म्हटलं, "शह आणि समतोल." त्यांना पटलं. पण नवऱ्याचे काका फोनवर होते, जन्म इंदूरचा. ते म्हणाले, "शह देणे म्हणजे फूस लावणे. उलटा अर्थ सांगते आहेस तिला." आता?

पाटीपुस्तक
काका हिंदीतलं सांगतायत. 'किसी की शह पर' म्हणजे कुणाच्या तरी पाठबळावर. मराठीत शह देणे म्हणजे रोखणे, अडचणीत आणणे. अक्षरं तीच, अर्थ विरुद्ध. 'शिक्षा'सारखंच.

वऱ्हाडी_ठेचा
इतकं सोपं नाही ना भाऊ. आमच्या नागपुरात दोन्ही चालतात. "त्याला वरून शह आहे" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि बुद्धिबळात शह म्हणजे शह. कोण बोलतंय त्यावर समजून घ्यायचं.

पाटीपुस्तक
ती नागपुरी मराठी झाली.

वऱ्हाडी_ठेचा
आणि तुमची काय ज्ञानेश्वरीतली?

तिरकी_चाल
भांडण थांबवा, यातली गंमत बघा. इंग्रजी 'चेक' हा शब्द मुळात बुद्धिबळातलाच आहे. फारसी 'शाह', तिथून अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशी यात्रा करत तो इंग्रजीत 'चेक' झाला. आधी राजाला शह, मग कुणालाही अडवणं, मग तपासणं. बँकेचा चेक त्याच कुळातला, आणि चौकडीचा 'चेक्स'चा शर्टही, पटावरच्या घरांमुळे. म्हणजे सूनबाईंनी भाषांतर केलंच नाही, शब्द माहेरी आणून सोडला. राजाची सत्ता नको म्हणून बंड केलेल्या लोकांनी आपल्या राज्यव्यवस्थेसाठी राजाचाच शब्द वापरावा, हे तर आणखीच छान. तसा तो शब्दप्रयोग त्यांच्या राज्यघटनेत कुठेही नाही. पुस्तकांतून आणि भाषणांतून रुळला.

शुद्धलेखनवाला
व्युत्पत्ती मनोरंजक आहे, पण फारसी शब्द कशासाठी? 'अंकुश' हा सुंदर संस्कृत शब्द आहे. 'अंकुश आणि समतोल'. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव. साडेतीनशे वर्षांनी आपण उलटे चाललो आहोत.

कोल्हापुरी_कातडं
मुख्य प्रधान केला खरा, पण पुढं लोकांनी पेशवाच म्हटलं की ओ. शंभर वर्सं!

पाटीपुस्तक
त्याच यादीत डबीराचा सुमंत झाला. परराष्ट्र व्यवहार बघणारा. परवा एका बातमीत अमेरिकेच्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'चं 'राज्य सचिव' केलेलं वाचलं, जणू मंत्रालयातले कुणी. त्यापेक्षा सुमंत परवडला.

सूनबाई_टेक्सास
अंकुश मीही लिहून पाहिला होता. पण अंकुश माहुताच्या हातात असतो. हत्ती माहुताला टोचत नाही. आमच्या धड्यात तर सगळे एकमेकांना टोचतात. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, कायदा करते, राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरतो, मग दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमली तर काँग्रेस त्याचा नकार मोडून काढते. 1803च्या मार्बरी खटल्यापासून कोर्टही कायदा घटनाबाह्य ठरवायला लागलं. न्यायाधीश नेमतो राष्ट्राध्यक्ष, पण सेनेटची संमती लागते. यात माहूत कोण?

तिरकी_चाल
अगदी हेच. आपले रोखण्याचे शब्द बघा: अंकुश हत्तीचा, वेसण बैलाची, लगाम घोड्याचा, पायबंदही घोड्याचाच. प्रत्येक ठिकाणी एक जनावर आणि एक मालक. बरोबरीच्या दोघांनी एकमेकांना अडवायचं, याला माझ्या आठवणीत शह हा एकच शब्द आहे. त्याला तर तयार जोडीही आहे, शह-काटशह. व्हेटो हा शह, दोन-तृतीयांश हा काटशह.

अर्धा_कप
पण 'शह-काटशहाचं राजकारण' हे वर्तमानपत्रात कशाला म्हणतात? फोडाफोडीला, रात्रीच्या गुप्त बैठकांना. आजींनी मुलाखतीत 'शह-काटशह' म्हटलं आणि दुभाष्याने त्याचं 'कारस्थान' केलं तर? मी भाषांतरावर पोट भरते, असे अपघात रोज बघते. मुलाखतीला सुरक्षित शब्द हवा. 'नियंत्रण आणि संतुलन' कंटाळवाणा आहे, पण पाठ्यपुस्तकी आहे, दुभाष्याला लगेच ओळखू येईल.

तिरकी_चाल
वर्तमानपत्रांनी शब्द नासवला म्हणून आपण सोडून द्यायचा?

अर्धा_कप
वाचणाऱ्याच्या डोक्यात जो अर्थ आहे तोच अर्थ. नासवलेला असो नाहीतर कसाही.

कोल्हापुरी_कातडं
मला ह्यातलं राजकारण कळत न्हाई, पर एक सांगतो. जोडीचं बैल जुवाला असत्यात. एक पळाय लागला की दुसरा त्येला वडून धरतो, आन् एक बसला तर दुसऱ्यालाबी थांबाय लागतंय. 'जू' म्हणा की. मागं कासरा धरलेला शेतकरी म्हंजे मतदार.

शुद्धलेखनवाला
पुन्हा जनावरंच.

दोन_ओळी
अमेरिकेच्या घटनाकारांतल्या मॅडिसनने 1788 साली 'फेडरलिस्ट' या घटनेची बाजू मांडणाऱ्या लेखमालेच्या 51व्या लेखात लिहिलंय ना, महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच तोंड द्यायला लावा. आपल्याकडे त्याला 'काट्याने काटा काढणे' हा वाक्प्रचार आहे! 'काटेतोड व्यवस्था' कसं वाटतं?

तिरकी_चाल
काटा काढला की दोन्ही काटे फेकून देतो आपण. मॅडिसनला दोन्ही जागेवर हवे होते.

दोन_ओळी
हं. बरोबर.

पाटीपुस्तक
विषय निघालाच आहे तर 'महाभियोग'. आमच्या घरी एकजात सगळ्यांना वाटतं की महाभियोग म्हणजे पदावरून काढणं. शब्दातच 'अभियोग' आहे, म्हणजे आरोप ठेवून खटला भरणं. 'महा' लावल्यामुळे निकालही लागला असं वाटतं.

सूनबाई_टेक्सास
नका आठवण करून देऊ. याच पायी चाचणीत मार्क गेले. कुठल्या राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग झाला, असा प्रश्न होता. मी निक्सनला धरलं. त्याने तर 1974 मध्ये प्रतिनिधिगृहाचं मतदान व्हायच्या आधीच राजीनामा दिला. आणि क्लिंटनला सोडलं, कारण तो पदावर राहिला म्हणजे महाभियोग झालाच नाही असं माझं मराठी डोकं म्हणालं! जॉन्सन 1868, क्लिंटन 1998, ट्रम्प 2019 आणि 2021. महाभियोग चार, सेनेटने दोषी एकदाही ठरवलं नाही.

शुद्धलेखनवाला
'राष्ट्राध्यक्ष' की 'अध्यक्ष'? भारताचा तो राष्ट्रपती, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, असा भेद आपण का करतो?

वऱ्हाडी_ठेचा
आणि 26 जानेवारी 'प्रजासत्ताक दिन' का? प्रजा तर राजाची असते. उद्देशिकेच्या मराठी पाठात 'गणराज्य' आहे.

अर्धा_कप
झालं, गेली गाडी रुळावरून.

सूनबाई_टेक्सास
शेवटचं सांगते. काल सासूबाईंना तुमची सगळी चर्चा वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बैल नको नि बुद्धिबळही नको. आम्ही तिघी जावा होतो. कोठीची किल्ली थोरलीकडे, चूल माझ्याकडे, आणि कुणी काय सांडलं-लवंडलं याचा न्याय धाकटीकडे. किल्ली मिळाल्याशिवाय मला तेल नाही, माझ्याशिवाय थोरलीला जेवण नाही, आणि धाकटीसमोर दोघींनाही आवाज नाही. एकीनेही वीस वर्षांत घर ताब्यात घेतलं नाही." मुलाखतीत हेच सांगणार म्हणतात.

पाटीपुस्तक
पण किल्ली सासूकडे असते ना?

अर्धा_कप
ते राहू द्या. दुभाष्या 'जाऊ'चं इंग्रजी काय करणार? सिस्टर-इन-लॉ? त्यात नणंदही येते, भावजयही आणि मेहुणीही. अधिकाऱ्याला काय कळणार कोण कुणाची कोण?

कोल्हापुरी_कातडं
आमच्यात जावंला जाऊबाईच म्हणत्यात. नुसतं जाऊ म्हटलं की भांडान हाय असं समजायचं.