भीती कागदावर उतरवली की कमी होते का?

रविवारचा वर्ग, कोल्हापूर

मंगळवार पेठेत आमच्या माडीवर मी मुलांना चित्रकला शिकवतो. मे २०२५ मधली गोष्ट. उन्हाळी वर्ग चालू होता. सात तारखेला सकाळी सिंदूर कारवाईची बातमी आली, त्याच दिवशी देशभर सायरनचे सराव झाले आणि दहा तारखेला शस्त्रसंधी होईपर्यंत घराघरातला टीव्ही कुणी बंदच केला नाही. कोल्हापूरपासून सीमा कितीतरी लांब. पण वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाचे वडील तेव्हा पंजाबात तैनात होते.

त्या आठवड्यात मी विषय दिलाच नाही. ज्याला जे काढायचं ते काढा म्हटलं. त्या मुलानं आकाशात डासांएवढे बारीक ड्रोन काढले आणि मला विचारलं, "सर, आवाज कसा काढायचा?" आधी त्यानं अक्षरांत "भुंऽऽ" लिहिलं, मग खोडलं. गोल गोल रेघा मारून बघितल्या. मग मी त्याला कोरडा ब्रश कागदावर खरडून दाखवला. तासभर तो तेच करत होता, तीन कागद संपवले. शेवटी म्हणाला, "अस्सा नाही, पण जवळ आलंय."

तो तासभर घाबरलेला नव्हता असं मी म्हणणार नाही. पण एरवी पोटात गोळा होऊन बसलेली भीती त्याच्यासमोर कागदावर आली होती आणि तो तिच्याशी झटत होता. चित्रात उगवता सूर्य काढला की आशा आली, असं मला वाटत नाही. "अजून एकदा बघू" असं हाताला वाटलं, तिथं मला ती दिसते.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी हरकत घेतली. "पोरं आधीच घाबरलीत, त्यांना परत कशाला आठवण करून देता? फुलं-फळं काढू द्या." त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, म्हणून इथं विचारतोय. मला आठवतात त्या दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या टेरेझिन छळछावणीत ज्यू मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. मिळेल त्या रद्दी कागदावर त्या मुलांकडून चित्रं काढून घेत आणि प्रत्येकाला खाली स्वतःचं नाव लिहायला लावत. जिथं माणसाचा नंबर झाला होता, तिथं नाव. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशवित्झला नेऊन मारलं. त्याआधी त्यांनी जवळजवळ साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

निवृत्त सुभेदार

सर, राग मानू नका. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडं सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घरटी माणूस फौजेत. १९९९ ला कारगिलच्या लढाईत मी द्रास भागात होतो. आमच्यातल्या एका पोरानं रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कोळशानं घर काढलं. गोठा, म्हैस, दारातला आंबा, सगळं. हात चांगला होता त्याचा. आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि त्या रात्री कुणी धड बोललं नाही. सकाळी त्यानंच तो पुठ्ठा जाळला. का रे, म्हटलं, तर म्हणाला, "ह्याच्याकडं बघितलं की पाय जड व्हायलाय."

भीती काही वेळा आवळून धरावी लागती. तुम्ही ती सैल करायला सांगताय. आम्हाला धीर दिला तो शेजारच्या माणसानं, गरम चहानं आणि घरच्या पत्रानं. चित्रं लांबून बघणाऱ्यांसाठी ठीक आहेत. ज्याच्यावर गोळा पडतोय त्याला खंदक लागतो, रंगपेटी नाही.

दोन मुलांची आई

माझा अनुभव वेगळ्या बाजूनं वाईट आहे. त्याच दिवसांत मुलीच्या शाळेत "युद्ध नको, शांती हवी" अशी चित्रस्पर्धा झाली. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी मोबाईलमध्ये बघून पांढरं कबूतर काढलं, खाली पृथ्वी, बाजूला हात जोडलेली माणसं. माझ्या मुलीला बक्षीस मिळालं. ते चित्र अजून हॉलमध्ये आहे. आणि ती पुढचे दोन आठवडे रात्री दिवा बंद करू देत नव्हती. फटाका वाजला की माझ्या कुशीत शिरायची. त्या कबुतरात तिचं काही नव्हतंच. पण बक्षीस मिळाल्यामुळं आम्हाला वाटलं की पोरगी सावरली, आणि आम्ही विचारायचं थांबवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. मुलांकडून आशा काढून घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे. मोठ्यांना बरं वाटावं म्हणून पोरं हसरी चित्रं काढतात.

रविवारचा वर्ग, कोल्हापूर

सुभेदारसाहेब, तुमचा पुठ्ठा मी विसरणार नाही. पहाऱ्यावरच्या माणसानं चित्र काढावं असं मी म्हणणार नाही. इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर १९४० साली लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बहल्ल्यापासून आसरा घेतलेल्या लोकांची चित्रं काढत होता, तोही त्यांच्यासमोर वही उघडायचा नाही. लोक उघड्यावर झोपलेले, त्यांना आडोसा नाही, अशा वेळी बघत बसणं बरं नव्हे, म्हणून तो कुठंतरी कोपऱ्यात दोन शब्द टिपून घ्यायचा आणि चित्र नंतर आठवून करायचा. स्पॅनिश चित्रकार गोयानं नेपोलियनच्या फौजांशी झालेल्या युद्धाचे ८२ छाप कोरले, पण त्यातले ८० लोकांसमोर आले १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी. म्हणजे वेळ लागतो हे मान्य. पण त्या माणसांनी आवळून धरलेलं कधीतरी सोडलंच ना? तुमच्या त्या पोरानं परत आल्यावर काही काढलं का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

ताई, स्पर्धेबद्दल शंभर टक्के. मी माझ्या वर्गात कबूतर काढायला कधीच सांगत नाही.

मिरजकर

मला या सगळ्या चर्चेतला "आशा" हा शब्दच खटकतोय. टेरेझिनच्या त्या मुलांतली बहुतेक वाचली नाहीत. आपण इथं पंख्याखाली बसून त्यांनी काढलेली फुलपाखरं बघतो आणि म्हणतो, बघा, आशा! ती आपली सोय झाली. पिकासोचं गेर्निका घ्या. एप्रिल १९३७ मध्ये स्पेनमधल्या त्या गावावर बॉम्ब पडले, त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब चित्र टांगलं गेलं. पुढं? १९३९ ला स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको जिंकला आणि त्याच वर्षी अख्ख्या युरोपात आग लागली. त्या चित्रानं एक विमान थांबवलं नाही.

आणि कोल्हापूरचंच सांगायचं तर आबालाल रहिमान. तुमच्या रंकाळ्याचा, संध्यामठाचा प्रकाश त्यांच्याइतका कुणाला दिसला? १९२२ साली शाहू महाराज गेले तेव्हा या माणसानं शोक अनावर होऊन आपली चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. एवढा मोठा चित्रकार, आणि दुःखाच्या वेळी चित्रं त्यांच्या कामाला आली नाहीत. त्यांनी ती बुडवली. मग नऊ वर्षांच्या पोराला ती तारतील, हे कशावरून?

वळिवडेकर

कोल्हापूरकरांनी लांबची उदाहरणं कशाला शोधायची? १९४३ ते १९४८ आमच्या वळिवडे गावाशेजारी छावणीत पाचएक हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं, तिथून इराणमार्गे ती इथवर पोचली. छावणीत शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, कितीजण थांबून वाचतात कुणास ठाऊक. ते गेल्यावर फाळणीत घर सुटलेले सिंधी तिथंच आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आज आपण तिथं कापड घ्यायला जातो.

माझी आजी लहानपणी छावणीत दूध घालायला जायची. एका खोलीच्या भिंतीवर खडूनं काढलेलं झाड होतं, बिनपानांचं. आजीला वाटलं झाड वाळलंय, म्हणून तिनं खुणेनं विचारलं. त्या बाईनं खडू आडवा धरून फांद्यांवर फिरवला आणि दंडांवर हात चोळून दाखवलं. थंडी. बर्फ! आजीनं बर्फ कधी बघितला नव्हता. शेवटपर्यंत ती सांगायची, "मला बर्फ त्या भिंतीवर कळला." त्या बाईला त्यातून आशा मिळाली का, मला माहीत नाही. मराठी येत नसलेल्या बाईला आपलं गाव एका मराठी पोरीला दाखवता आलं, एवढं नक्की. मिरजकर, चित्रानं विमान थांबत नाही हे खरंच. पण विमान थांबवायचं काम आपण चित्राला दिलंच कधी?

समुपदेशन करते

शाळकरी मुलांबरोबर माझं काम असतं. २०१९ च्या पुरानंतर शिरोळकडच्या मुलांबरोबरही केलं, म्हणून थोडं बोलते. पालकांची हरकत मला पूर्ण चुकीची वाटत नाही. मुलाला भीतीपर्यंत नेऊन तिथंच सोडून दिलं, वर्ग संपला, बेल वाजली, चला घरी, तर त्याचं नुकसान होऊ शकतं. चित्रकलेचा वर्ग आणि कलोपचार या दोन गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी प्रशिक्षण लागतं.

तरी सरांनी एक गोष्ट बरोबर केली. विषय लादला नाही, आणि मुलानं विचारलं तेवढंच शिकवलं. आम्ही "हे काय काढलंस?" असंही टाळतो, "मला याच्याबद्दल सांग" म्हणतो. काळा रंग दिसला की मूल खचलंय, हा समज सोडून द्या. पुराच्या वेळी एका मुलीनं अख्खा कागद तपकिरी केला होता. शिक्षिका घाबरल्या. विचारलं तर म्हणाली, पाणी असंच होतं. तिला पाण्याचा रंग बरोबर यायला हवा होता. आणि ताई, तुमची मुलगी दिवा बंद करू देत नव्हती, तेव्हा तुम्ही तिला कुशीत घेतलंत. ते काम कुठल्याच चित्रानं झालं नसतं.

मिरजकर

पुराच्या पाण्याचं पटलं. आबालालांचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

रविवारचा वर्ग, कोल्हापूर

कारण माझ्याकडं ते नाही. मी पुष्कळदा कोटितीर्थाच्या काठावर जाऊन बसलोय. एवढंच वाटतं, की ज्याला चित्रांचं काहीच वाटत नाही तो ती महाराजांच्या मागं पाण्यात सोडणार नाही. पण चित्रांनी त्यांना सावरलं नाही, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

निवृत्त सुभेदार

सर, त्या पोरानं पुढं काय काढलं नाही. शेती करतोय. पण गेल्या साली नवं घर बांधलं, तर गोठा आणि आंबा त्या पुठ्ठ्यावर होता तिथंच धरलाय. मी वास्तुशांतीला गेलो तेव्हा बघितलं. बोललो नाही त्याला काही. माझं मत बदललेलं नाही, बघितलं ते सांगतोय.

तुमच्या वर्गातल्या त्या लहानग्याचा बाप आला का सुखरूप?

रविवारचा वर्ग, कोल्हापूर

आले. जूनमध्ये सुट्टीवर आले आणि मुलाला सोडायला वर्गात आले. मुलानं तिसरा कागद काढून दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "एवढ्या वरनं नाही येत, खालनं येतोय," आणि ब्रश मागितला. कोरडाच. कागदाच्या तळाला, मुलानं काढलेल्या घराच्या पायाशी, त्यांनी एक लांब रेघ खरडली. मुलगा म्हणाला, "अजून जाड?" ते म्हणाले, "हो. अजून."