घर पाहावं बांधून : 'मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस' आणि आपले अनुभव

१९४८ चा हा सिनेमा परवा तिसऱ्यांदा पाहिला. कॅरी ग्रँट आणि मर्ना लॉय हे ब्लँडिंग्ज नवराबायको. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या फ्लॅटमध्ये दोन मुली, एकच न्हाणीघर, उघडलं की अंगावर येणारं कपाट. वैतागून दोघं कनेटिकटमध्ये जुनं घर घेतात. ते इतकं खचलेलं निघतं की पाडून नवंच बांधावं लागतं. म्हणायला घराची गोष्ट, पण मला ती नवराबायकोचीच वाटते. एकमेकांना न विचारता घेतलेले बारीकसारीक निर्णय आणि त्यांची आलेली बिलं! यातलं तुमच्या घरात काय घडलंय? नक्की लिहा.

*

रंगाचा प्रसंग! मर्ना लॉय रंगाऱ्याला प्रत्येक खोलीचा रंग किती जीव लावून समजावते, पिवळा तर थेट लोण्याशी जुळवायला सांगते. ती गेल्यावर रंगारी म्हणतो, लाल, हिरवा, निळा, पिवळा, पांढरा.

नाशिकला घर बांधलं तेव्हा मी रंगाऱ्याला सासूबाईंच्या इरकलीचा पदर नेऊन दाखवला होता. "मोरपंखी नको दादा, त्याच्या आतला हा हिरवा." तो "हो ताई" म्हणाला आणि पिस्ता लावून गेला. मी रडले. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, पदर घेऊन दुकानात उभे राहिले आणि चार वेळा रंग मिसळून घेतला. त्या भिंतीला बारा वर्षं झाली. अजून तिच्यावर दुसरा हात मारू दिलेला नाही.

*

पाण्याचं मी सांगतो. सिनेमात विहीरवाला खोल खोल जातोय तरी पाणी नाही, आणि तळघराच्या खड्ड्यात मात्र आपसूक पाणी! आमची सासवडजवळची पहिली बोअर पानाड्याच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याच्या, शब्दावर मारली. कोरडी गेली. बायको आधीपासून नको म्हणत होती. दुसऱ्या बोअरला तिने स्वतःची भिशी दिली, आणि पहिलीचा विषय आजवर काढलेला नाही.

*

न्यू जर्सीतल्या एडिसनहून रोज ट्रेनने न्यूयॉर्क. अंगणासाठी शहर सोडलं आणि अंगण रविवारीच दिसायचं. जिम ब्लँडिंग्जला नव्या घरातून पहाटेची गाडी गाठावी लागते, तिथे बायकोने माझा हात धरला होता.

*

मला गसी आठवते. ब्लँडिंग्जांच्या घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण, लुईझ बीव्हर्सने केलेली. हॅमच्या जाहिरातीची ओळ जिमला काही केल्या सुचत नाही, नोकरी जायची वेळ येते. गसी नाश्ता वाढताना ती ओळ सहज बोलून जाते. त्याची नोकरी वाचते, आणि तिला दहा डॉलर पगारवाढ.

माझी आई दादरला तीन घरी पोळ्या करायची. एका घरी हळदीकुंकवाला पुरणपोळ्यांचं फार कौतुक व्हायचं. बाई हसून मान डोलवायच्या. पोळ्या आईच्या हातच्या असायच्या, आणि आई आत भांडी आवरत असायची.

मागच्या वर्षी मी तिला हा सिनेमा दाखवला, वाक्यं मराठीत सांगत सांगत. घर तिला आवडलं, मर्ना लॉय तर फारच. पगारवाढीचं सांगितल्यावर मात्र तिने पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"दहाच?"